सांगलीचे विष्णुदास भावे आणि आपलं चार भाषांचं सोलापूर: यंदाच्या ५ नोव्हेंबरला काय करूया?

तिसरीघंटा

मंडळी, मराठी रंगभूमी दिन जवळ येतोय. नटराजाची पूजा होईल, नारळ फुटेल, ज्येष्ठ रंगकर्मींना शाल-श्रीफळ मिळेल, कुणीतरी दोन नाट्यपदं गाईल. हे सगळं व्हायलाच हवं. पण ज्या माणसामुळे ही तारीख आपण पाळतो त्याने नेमकं काय केलं, हे त्या कार्यक्रमांत फार कमी ऐकायला मिळतं. तसबिरीला हार घातला की विषय संपतो. यंदा तसं होऊ नये म्हणून हा धागा काढतेय.

थोडक्यात आठवण करून देते. १८४२ साली कर्नाटकातल्या कर्की गावची (होन्नावरजवळची) भागवत मंडळी सांगलीला आली आणि संस्थानिक चिंतामणराव अप्पासाहेब पटवर्धन यांच्यापुढे त्यांनी यक्षगानाचे, म्हणजे गाणं-नाच-बोलणं एकत्र असलेल्या तिकडच्या लोकनाट्याचे, खेळ केले. राजेसाहेबांना ते आवडले. असंच काहीतरी, पण आपल्या भाषेत आणि आपल्या रुचीला मानवेल असं कुणी करील का, असं त्यांच्या मनात आलं. दरबारच्या नोकरीतल्या घरातला विष्णू अमृत भावे हा तरुण त्यांच्या डोळ्यांपुढे होता. कविता करायचा, गोष्टी रचायचा, लाकडाच्या हलत्या बाहुल्या घडवायचा. त्याच्यावर काम सोपवलं. ५ नोव्हेंबर १८४३ रोजी सांगलीच्या राजवाड्यात 'सीतास्वयंवर' झालं.

आता त्या खेळाची रचना बघा, कारण माझी सगळी मागणी तिच्यावर उभी आहे. सूत्रधार मंगलाचरण म्हणायचा. विदूषक येऊन त्याच्याशी थट्टामस्करी करायचा. मग गणपती यायचा, त्यामागून मोरावर बसलेली सरस्वती नाचत यायची, आशीर्वाद द्यायची आणि आख्यान सुरू व्हायचं. आख्यानाची पदं भाव्यांनी लिहिलेली. ती सूत्रधार आणि त्याचे साथीदार गायचे. पात्रांची भाषणं मात्र लिहिलेली नसायची. पद संपलं की त्यातला आशय पात्राने स्वतःच्या शब्दांत, आयत्या वेळी बोलायचा. राम रामासारखा बोलायचा, राक्षस आले की 'अललल डुर्र' आरोळ्या आणि तलवारींचा खणखणाट.

म्हणजे या नाटकात पद पक्कं आणि बोलणं मोकळं.

माझं म्हणणं असं की हा साचा आजच्या महाराष्ट्रात कुठल्या गावाला सगळ्यात जास्त शोभेल, तर तो सोलापूरला. आपल्याकडे बाजारात एका वाक्याला मराठी, दुसऱ्याला कन्नड, पूर्व भागात गेलं की तेलुगू, बेगम पेठेत गेलं की दखनी उर्दू. मग सूत्रधाराने भाव्यांच्या धर्तीवरची पदं मराठीत गावीत आणि प्रत्येक पात्राने आपापल्या घरच्या भाषेत बोलावं, असं 'सीतास्वयंवर' आपण का करू नये? पूर्ण आख्यान नको, पूर्वरंग (गणपती-सरस्वतीचा तो सुरुवातीचा भाग) आणि धनुष्याचा प्रसंग एवढंच. तासाभराचा खेळ.

कल्पना हवेत वाटू नये म्हणून सांगते. भाव्यांचा हा खेळ मुळातच कन्नडमधून स्फूर्ती घेऊन आलेला. तो पुढे मुंबईला गेला तिथे हिंदुस्थानीत बोलला. आणि मराठी मंडळींचे दौरे बघून कन्नड-तेलुगू मुलखात नवी रंगभूमी उभी राहायला जोर आला. या साखळीतली प्रत्येक भाषा आपल्या गावात घराघरांत बोलली जाते. सांगलीने भाव्यांना जन्म दिला, त्यांचा मान सांगलीचाच. पण त्यांच्या कामाचा सगळा पसारा एकाच गावात बघायचा असेल तर तो सोलापुरात दिसतो, असं मला मनापासून वाटतं.

बोला. मतं हवीत, हात हवेत, विरोधही हवा.

बाळीवेस

ताई, वाचलालो सगळं. कल्पना झकास हाय. पण एक विचारू का? सांगलीकर दरवर्षी ५ तारखेला भावे गौरव पदक देतात, अख्ख्या महाराष्ट्राचं लक्ष तिकडं असतंय. आपण त्यांच्या माणसाचा सोहळा इथं करायचा, आणि आपल्या माणसांचं काय? डॉ. जब्बार पटेल आपल्या हरिभाई देवकरण प्रशालेत शिकलेत. श्रीराम पुजारी सरांच्या घरात वाढलेत. 'घाशीराम कोतवाल' नाटक बसवणारा माणूस या गावच्या शाळेतनं गेलाय की ओ! त्र्यं. वि. सरदेशमुख सरांनी गडकऱ्यांच्या नाटकांवर जे लिहिलंय ते इथं सोलापुरात बसून लिहिलंय. त्यांच्यावर एक संध्याकाळ का नको? आपलं ते झाकून दुसऱ्याचं मिरवायचं, ही सोलापूरची जुनी खोड हाय.

तिसरीघंटा

बाळीवेस दादा, पटेल सर आणि सरदेशमुख सर यांच्यावर एक नाही, दोन संध्याकाळी करू, मी पहिली येते. पण ५ नोव्हेंबर ही तारीख एका विशिष्ट खेळाची आहे. त्या दिवशी तो खेळ व्हावा. आणि 'घाशीराम'चंच नाव काढलंत म्हणून: तिथे रंगमंचावर माणसांची भिंत उभी राहते, सूत्रधार आहे, गणपती नाचत येतो, मग गोष्ट सुरू होते. आपल्याच शाळेतल्या मुलाने १९७२ साली जुन्या खेळांची ही रीत पुन्हा उभी केली. भावे आणि जब्बार पटेल यांना वेगळं काढायची मला तरी गरज दिसत नाही.

अक्कलकोटी_मन

धाग्याबद्दल आभार. आमच्या घरी कन्नड, शाळेत मराठी. लहानपणापासून एक गोष्ट खुपत आलीय, ती आज लिहून टाकतो.

मराठी रंगभूमीचा इतिहास सांगताना कर्कीच्या भागवत मंडळींचा उल्लेख एका ओळीत येतो आणि तोही बहुतेक वेळा 'ओबडधोबड खेळ' अशा सुरात. यक्षगान ज्याने रात्रभर जागून बघितलंय त्याला हे वाचून वाईट वाटतं. भागवत म्हणजे तिथला मुख्य गायक. तो ताल हातात घेऊन सगळा प्रयोग चालवतो, पात्राला कधी आणायचं, कधी थांबवायचं, युद्ध किती वेळ रंगू द्यायचं, सगळं त्याच्या हातात. भाव्यांचा सूत्रधार याच भागवताचा मराठी भाऊ आहे. पात्राने पदावर आपल्या शब्दांत बोलायचं, हीसुद्धा यक्षगानाचीच रीत. अर्थ उलगडून बोलणारा नट तिथे आजही मानाचा समजला जातो.

यात भाव्यांचा मोठेपणा कमी होत नाही. उलट मला तो इथेच दिसतो. त्यांनी दुसऱ्या भाषेतला खेळ नीट बघितला, त्याचा सांगाडा ओळखला आणि त्यावर मराठी कीर्तनाची, आपल्या पदांची घडण चढवली. बघणारे दरबारात पुष्कळ असतील, उभं करून दाखवणारा हा एकच निघाला.

आणि पुढचं ऐका. संगीत नाटकाचा पाया घालणारे अण्णासाहेब किर्लोस्कर, ज्यांचं 'शाकुंतल' १८८० साली पुण्यात आलं, ते बेळगाव भागातल्या गुर्लहोसूरचे. तोही कन्नड मुलूखच. उलट दिशेने बघायचं तर मराठी कंपन्यांचे दौरे धारवाड-गदग भागात इतके जोरात होते की आपल्या भाषेची स्वतःची नाटक मंडळी हवी या ईर्ष्येने गदगला शांतकवींनी १८७० नंतरच्या दशकात कन्नड मंडळी उभी केली. देणं फिटलं म्हणा, की नवं देणं झालं म्हणा!

अक्कलकोट, दक्षिण सोलापूरच्या गावांत जत्रेला आजही कन्नड खेळ उभे राहतात. तिथल्या एखाद्या म्हाताऱ्या भागवताला ५ नोव्हेंबरच्या मंचावर सन्मानाने बसवलं तर मी म्हणेन की त्या दिवशी इतिहास पुरा सांगितला गेला.

जुनीपोथी

चर्चा चांगली चाललीय, पण 'आद्य नाटककार' म्हणताना थोडं थांबावं ही विनंती.

तंजावरच्या भोसल्यांच्या दरबारात भाव्यांच्या आधी दीडशे वर्षं मराठी नाटकं लिहिली गेली आहेत. शहाजीराजांचं 'लक्ष्मीनारायण कल्याण' त्यांतलंच. ती हस्तलिखितं सरस्वती महाल ग्रंथालयात सांभाळली गेली. शिवाय दशावतार, लळित, तमाशा, गोंधळ हे सगळं भाव्यांच्या कितीतरी आधीपासून गावोगाव चाललेलं होतं. आणि लिहिलेलं, आजच्या माणसाचं दुःख सांगणारं नाटक म्हणाल तर जोतीराव फुल्यांचं 'तृतीय रत्न', १८५५. शेतकरी बाई गरोदर आहे, भटजी तिला ग्रहांची भीती घालून लुबाडतो, पुढे नवराबायको शिकायचं ठरवतात. मराठी पुस्तकांना बक्षिसं देणाऱ्या दक्षिणा प्राइज कमिटीने ते नाकारलं आणि छापून वाचकांपुढे यायला १९७९ साल उजाडलं. विनायक जनार्दन कीर्तन्यांचं 'थोरले माधवराव पेशवे' १८६१चं.

मग रंगभूमी दिन ५ नोव्हेंबरलाच का, हा प्रश्न एखाद्या चुणचुणीत विद्यार्थ्याने विचारला तर मंचावरून उत्तर तयार असावं. भावनेच्या भरात सगळं श्रेय एका नावावर टाकणं बरं नव्हे.

प्रशाला_बाई

जुनीपोथी सर, तुमचा मुद्दा मी शाळेत रोज जगते. 'तृतीय रत्न' आमच्या मुलींनी वाचून दाखवलं तेव्हा मागच्या बाकावरची, एरवी तोंड न उघडणारी मुलगी पुढे येऊन त्यातल्या शेतकरी बाईचं बोलणं म्हणाली. त्या नाटकाची ताकद मला वेगळी सांगायला नको.

तरीही ५ नोव्हेंबरचं माझं उत्तर असं. तंजावरची नाटकं दरबारात राहिली. लोककला गावात राहिल्या, आणि त्यांनीच पुढच्या सगळ्यांना पोसलं. फुल्यांचं नाटक दाबलं गेलं. भाव्यांचं वेगळेपण त्यांनी पुढे काय केलं त्यात आहे. १८५१ साली चिंतामणराव वारले, राजाश्रय आटला. दुसरा एखादा माणूस दरबारी नोकरीत गप बसला असता. भाव्यांनी मंडळी घेऊन रस्ता धरला. गावोगाव फिरत 'सांगलीकर' मुंबईपर्यंत पोचले आणि १८५३ साली ग्रँट रोडच्या नाट्यगृहात तिकीट लावून खेळ केले. राजाने बोलवायचं आणि नटाने नाचायचं, याऐवजी अनोळखी माणसं खिशातले पैसे देऊन, रांगेत बसून, एकत्र नाटक बघतात ही गोष्ट मराठीत तिथे रुजली. आज हुतात्मा स्मृती मंदिराच्या खिडकीवर आपण तिकीट काढतो, ते त्या रस्त्यावरचंच पुढचं पाऊल आहे. म्हणून 'आद्य नाटककार' या बिरुदावर वाद घाला, पण व्यावसायिक रंगभूमीचा हा पहिला चालता माणूस, हे मला पुरेसं आहे.

आणि त्या संध्याकाळच्या निवेदनात फुल्यांचं नाव आणि तंजावरचं नाव घ्यायचं. नुसतं नाव नको, दोन-दोन वाक्यं. मी लिहून देते.

कृष्णाकाठ_सांगली

नमस्कार सोलापूरकर. मूळ सांगलीची, लग्नानंतर इथे रेल्वे लाइन भागात. धागा वाचून राहवलं नाही.

आमच्या गावाला नाट्यपंढरी म्हणतात ते भाव्यांच्या एका खेळावर नव्हे. एकाच नदीच्या काठावर किती माणसं झाली बघा. हरिपूरचे गोविंद बल्लाळ देवल, 'शारदा' १८९९. म्हाताऱ्याला कोवळी पोर देण्याच्या चालीवर त्यांनी जे लिहिलं ते बघून प्रेक्षक घरी जाऊन मुलींची लग्नं मोडत होते, असं जुनी माणसं सांगायची. सांगलीतच जन्मलेले कृष्णाजी प्रभाकर खाडिलकर, 'कीचकवध' १९०७. महाभारतातला कीचक बघताना लोकांना समोर लॉर्ड कर्झन दिसायचा, म्हणून १९१० साली सरकारने बंदी घातली. मास्टर दीनानाथ सांगलीत राहिले. शेजारी मिरजेत तंबोरे-सतारी घडवणारे कारागीर आणि अब्दुल करीम खाँसाहेबांचं वास्तव्य. लिहिणारा, गाणारा, वाद्य करणारा आणि ऐकणारा, सगळे एका हाकेच्या अंतरावर. गणपती मंदिराच्या परिसरातून संध्याकाळी चालत निघालं की आयर्विन पुलापर्यंत कुणी ना कुणी नाटकावर बोलताना भेटायचंच. माझ्या माहेरी भांडणंसुद्धा 'मानापमान'मधलं कुठलं पद आधी येतं यावर व्हायची.

१९४३ साली रंगभूमीची शंभरी सांगलीतच साजरी झाली, सावरकर अध्यक्ष होते. महायुद्धाचा काळ, नाटक कंपन्या एकामागून एक बंद पडलेल्या, बोलपटांनी प्रेक्षक पळवलेला. अशा वेळी माणसं महाराष्ट्रभरातून आली आणि ही रंगभूमी मरू द्यायची नाही असं म्हणून गेली. माझ्या गावाचा स्वभाव मला त्यात दिसतो. कृष्णेचं पाणी घरात येतं, ओसरतं, चिखल काढतात आणि पुढच्या आठवड्यात तालीम लागते.

बाळीवेस दादा, तुम्ही 'त्यांच्या माणसाचा सोहळा' म्हणालात. सांगली-सोलापूर अंतर पावणेदोनशे-दोनशे किलोमीटरचं. भाव्यांच्या मंडळींनी बैलगाडीतून याहून लांब मजला मारल्या. त्यांना परकं समजू नका.

एक विनंती आहे. खेळाच्या दिवशी मंचावर लावायला कृष्णेचं पाणी आणि गणपती मंदिरातला अंगारा मी आणवून देईन. भाव्यांच्या खेळात पहिला मान गणपतीचाच होता.

बाळीवेस

वहिनी, परकं न्हाई समजत ओ. मी आपलं आपल्या माणसांसाठी बोललो. तुम्ही पाणी आणा, मी मंडपाचं बघतो.

पूर्वभागकर

आमच्या पूर्व भागातून एक भर घालतो. तेलुगू रंगभूमीच्या इतिहासात १८८० साल महत्त्वाचं मानतात. त्या सुमारास धारवाडची नाटक मंडळी राजमहेंद्रीला आली आणि तिथे तिने हिंदी नाटकं केली. ती बघून कंदुकुरी वीरेशलिंगम यांनी विद्यार्थ्यांना हाताशी धरून तेलुगू नाटकं उभी केली. विधवाविवाहासाठी झटणारा हा माणूस. म्हणजे सांगलीत लागलेला दिवा धारवाडमार्गे गोदावरीच्या मुखापर्यंत पोचला.

दुसरी गोष्ट तर आपल्या लोकांना सांगितली की त्यांचा विश्वास बसत नाही. आंध्र-तेलंगणात 'सुरभी' ही नाटक मंडळी आहे. कडप्पा जिल्ह्यातल्या सुरभी गावात १८८५ साली 'कीचकवधम्' करून सुरू झाली. अख्खी कुटुंबं पिढ्यान् पिढ्या नाटकच करतात, आजोबा, सून, नातू एकाच खेळात. ही कुटुंबं मूळची मराठी मुलखातली, चामड्याच्या बाहुल्यांचे खेळ करणारी. बाहुल्यांतून माणसांच्या नाटकात आलेली! भावेसुद्धा लाकडी बाहुल्या करायचे असं ताईंनी वर लिहिलंय, ते वाचून अंगावर काटा आला.

आमचे आजोबा मागावरून उठून रात्री मार्कंडेय मंदिराच्या बाजूला भजनाला जायचे. भजनात मधेच कुणी उठून रामायणातलं पात्र व्हायचं. तेलुगूत बोलायचं आणि अभंग मराठीत म्हणायचा, यात कुणाला काही वेगळं वाटत नव्हतं. ताईंनी सुचवलेला खेळ आमच्याकडे घराघरात होऊन गेलाय, त्याला फक्त मंच मिळाला नव्हता.

रावणाची भूमिका आमच्याकडे द्या. तेलुगू माणूस रावणाकडे मानाने बघतो. मोठा विद्वान, मोठा शिवभक्त. त्याला धनुष्य उचलत नाही तो प्रसंग हशा काढण्यासाठी करायचा नाही, एवढीच अट.

बेगमपेठ

सगळ्यांना आदाब. पूर्वभागकर भाईंच्या पावलावर पाऊल ठेवून मीही अट घालते.

हिंदी-उर्दू बोलणारं पात्र म्हटलं की नाटकात ते विनोदी करायची आपल्याकडे सवय आहे. विदूषक आम्हाला देऊन मोकळे होऊ नका. भाव्यांनी १८५३ साली मुंबईत 'राजा गोपीचंद' हिंदुस्थानीत केलं, ते राज्य सोडून जोग घेणाऱ्या राजाचं, रडवणारं आख्यान होतं. मुंबईतल्या गुजराती, पारशी, मुसलमान प्रेक्षकांपर्यंत पोचायचं तर त्यांना कळेल अशा भाषेत बोललं पाहिजे, हे त्या सांगलीच्या माणसाला उमगलं. त्याच वर्षी, त्याच ग्रँट रोडच्या नाट्यगृहात पारशी मंडळींनीही आपलं नाटक सुरू केलं, आणि त्या पारशी थिएटरमधूनच पुढे उर्दू नाटकाला बहर आला. मी उर्दू शाळेत शिकवते. आमच्या मुलांना वाटतं की मराठी रंगभूमी दिनाशी आपला काही संबंध नाही. हा संबंध त्यांना दाखवायचा आहे.

म्हणून जनकराजा आमच्याकडे द्या. मुलीच्या बापाचं बोलणं दखनीत फार गोड होतं.

आणि गाव म्हणून एक सांगावंसं वाटतं. ज्या सभागृहात आपण नाटकं बघतो त्याचं नाव हुतात्मा स्मृती मंदिर. १२ जानेवारी १९३१ रोजी फासावर गेलेले मल्लप्पा धनशेट्टी, श्रीकिसन सारडा, जगन्नाथ शिंदे आणि कुर्बान हुसेन. ती चार नावं एका दमात उच्चारा. वेगवेगळ्या घरांतली, वेगवेगळ्या देवांची नावं घेणारी चार माणसं एकाच पहाटे गेली. त्यांच्या नावाच्या मंचावर एकाच बोलीचा खेळ व्हावा असं मला वाटत नाही.

गिरणीचा_भोंगा

वडील गिरणीत होते. कामगार कल्याणच्या नाट्यस्पर्धेसाठी तिसरी पाळी करून आलेली माणसं दुपारी तालमीला बसायची. डोळे तांबडे, कानात अजून साच्यांचा आवाज. त्यामुळे सगळे जोरात बोलायचे, दिग्दर्शक ओरडून सांगायचा की समोरचा बहिरा नाही! मेकअपला गेरू आणि काजळ. मी पडदा ओढायला होतो. गिरण्या बंद पडल्या तेव्हा पगार गेला, चाळ गेली, ते सगळे लिहितात. तालमी गेल्या हे कुणी लिहीत नाही. त्या माणसांना संध्याकाळी जायला जागाच उरली नाही.

तर माझं म्हणणं, या खेळात जुन्या गिरणी कामगारांपैकी जे हयात आहेत त्यांना घ्या. राक्षसपार्टी त्यांना द्या. माइकशिवाय शेवटच्या रांगेपर्यंत आवाज नेणारी ती शेवटची पिढी आहे. 'अललल डुर्र'ला आजचे लोक हसतील अशी भीती कुणाला वाटत असेल, तर हे ध्यानात घ्या की तेव्हा ना विजेचे दिवे होते, ना ध्वनिक्षेपक. हिलाल-मशालींच्या उजेडात, शेकडो माणसांत राक्षस आला हे कळायचं तर तो तसाच यायला हवा. मनापासून केलं तर कुणी हसत नाही. लहान पोरं तर घाबरून आईला बिलगतील.

आणखी एक. सांगली-सोलापूरचं नातं सांगायला माझ्याकडे एक पक्का पुरावा आहे. सांगलीत राहणाऱ्या मास्टर दीनानाथांची मुलगी वडिलांबरोबर पहिल्यांदा लोकांपुढे गायली ती आपल्या सोलापुरात, ९ सप्टेंबर १९३८ला. राग खंबावती आणि नाट्यपदं. वयाची नऊ वर्षंही पुरी झाली नव्हती. नाव लता. इतक्या मोठ्या गोष्टीची आठवण गावात ठसठशीत दिसायला हवी होती.

जुनीपोथी

प्रशाला बाईंचं उत्तर पटलं. व्यावसायिक रंगभूमीच्या अंगाने बघितलं तर तारीख योग्यच आहे. निवेदनासाठी तंजावरची दोन वाक्यं मी पाठवतो.

पदांबद्दल. भाव्यांचा 'नाट्यकवितासंग्रह' १८८५ साली छापून आला. हिराचंद नेमचंद वाचनालयात आणि विद्यापीठाच्या ग्रंथालयात चौकशी करू. मूळ पदं मिळाली तर तीच गायची, चाली कीर्तनाच्या अंगाने बांधायच्या. सिनेमाच्या चाली नकोत. साथीला मृदंग, टाळ, तंबोरा एवढंच. पेटी नको. या खेळांच्या काळात पेटी आलेलीच नव्हती.

बाहुल्यांचंही बघता आलं तर छान होईल. भाव्यांच्या 'सीतास्वयंवरा'च्या लाकडी बाहुल्या रामदास पाध्ये यांनी दुरुस्त करून पुन्हा हलत्या केल्या. त्यांची छायाचित्रं प्रवेशद्वाराशी लावली तर मुलांना आत येण्याआधीच भावे कोण ते कळेल.

जुळेसोलापूर

सगळं वाचून आनंद झाला, पण व्यवहाराचं कुणीतरी बोलायला हवं. मोठं नाट्यगृह नोव्हेंबरात मिळणं अवघड असतं. राज्य नाट्य स्पर्धा, शाळांची स्नेहसंमेलनं, सगळ्यांना तेव्हाच हवं असतं. भाडं, प्रकाश, ध्वनी हे धरलं तर वर्गणी काढावी लागेल. आणि एका पिढीने आठवणी काढायच्या, दुसरीने मोबाइलवर त्या रेकॉर्ड करायच्या, इतकंच होणार असेल तर मी येत नाही. कॉलेजची मुलं पात्रांत हवीत.

तिसरीघंटा

जुळेसोलापूर, बरोबर बोललात. मुळात या खेळाला नाट्यगृहाची गरजच नाही. मागे एक पडदा, पुढे मोकळी जागा आणि बसायला सतरंजी. वाचनालयाचं खुलं ॲम्फी थिएटर मिळालं तर सगळ्यात उत्तम, तिथे विचारणा करते. दिवे कमी, ध्वनिक्षेपक फक्त निवेदनाला. तिकीट मात्र लावायचं, दहा रुपये का असेना. ग्रँट रोडची आठवण म्हणून म्हणा.

राक्षसपार्टी सोडली तर पात्रं सगळी पंचविशीच्या आतली घेऊया आणि प्रत्येकाबरोबर त्या भाषेतलं एक वडीलधारं माणूस तालमीला बसेल. बोलणं लिहून द्यायचं नाही, ही भाव्यांची अट आपण पाळायची. मुलांनी प्रसंग समजून घ्यायचा, पद ऐकायचं आणि बोलायचं. दोन महिने तालीम केली तर जमेल. पाठांतर नसल्यामुळे चुकायची भीती नाही, पण समोरचा काय म्हणाला हे ऐकल्याशिवाय पुढे जाता येत नाही. तेलुगू रावणाला कन्नड रामाचं बोलणं कळलंच पाहिजे. आपली मुलं एका वर्गात बसून एकमेकांच्या भाषा न शिकता शाळा संपवतात. त्यांना यातून जे मिळेल ते मला खेळाहूनही जास्त मोलाचं वाटतं.

भूमिकांचं असं धरतेय. राम कन्नड, अक्कलकोटी_मन यांच्याकडून. रावण तेलुगू, हशा न काढता. जनक दखनी. सीता मराठी, आणि तिला नुसती माळ घेऊन उभी ठेवायची नाही, तिचं बोलणं असलंच पाहिजे. विदूषकाने चारही भाषा बोलायच्या, म्हणजे तो कुणाच्याच वाट्याला कमीपणाचा राहणार नाही. राक्षसपार्टी गिरणीच्या मंडळींची. सरस्वतीच्या मोराचं कापडकाम पूर्व भागात होईल का, पूर्वभागकर?

पूर्वभागकर

होईल. कापडाची चिंता सोलापुरात करायची? मोराचा पिसारा विणून देतो, मापं पाठवा.

अक्कलकोटी_मन

राम मिळाला. पुतण्या आहे, अभियांत्रिकीला. लाजतो, पण आवाज खणखणीत आहे. कन्नड घरात बोलतो, लिहिता येत नाही. बोलणं लिहायचंच नाही म्हटल्यावर लगेच तयार झाला. म्हाताऱ्या भागवतांशीही बोललो. ते म्हणाले, मंचावर नुसतं बसणार नाही, एक पद म्हणणार. हो म्हणून आलोय.

बाळीवेस

मंडपाचं झालं. सतरंज्या दोन मंडळांकडनं मिळतील, गणपतीच्या टायमाला वापरलेल्या धुऊन ठेवल्यात. आमच्या गल्लीतला एक पोरगा विदूषकाला घ्या. घरात मराठी, दोस्तांत उर्दू, कारखान्यावर तेलुगू, आजोळ इंडीचं, म्हणजे कन्नड. चार भाषांत भांडतंय बे ते, चार भाषांत बोलायला काय अडचण न्हाई.

तिसरीघंटा

पहिली बैठक येत्या रविवारी संध्याकाळी साडेपाचला, चार हुतात्मा पुतळ्यांपाशी. तिथून प्रशाला बाईंच्या शाळेच्या वर्गात जाऊ, त्यांनी परवानगी घेतलीय. प्रत्येकाने आपल्याबरोबर किमान एक तरुण आणावा. जुनीपोथी सर पदांचं सांगतील. राहिला प्रश्न साथीचा: टाळ-तंबोरा मिळालाय, मृदंग वाजवणारं माणूस अजून मिळालेलं नाही. पंढरपूर-मंगळवेढ्याच्या भजनी मंडळांत कुणाची ओळख असेल तर रविवारच्या आत कळवा. पखवाज चालेल, तबला नको.